ग्वेनह्लियानची हाक आणि मी

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि मनाने फार कोता आहे. तेवढं आधीच सांगून टाकतो.

१९७९ साली प्लासिडने मला त्याच्या गावी, उमेळ्याला आणलं. तो बोटीवर नोकरीला. वेल्समधल्या एका बंदरात तो तापाने फणफणला, तेव्हा उशाशी बसून राहिलेल्या नर्सचं नाव होतं ग्वेनह्लियान. सात-आठशे वर्षांपूर्वी तिकडच्या राजकन्यांचं हे नाव असे. मुलगी झाली तर हेच नाव ठेवीन, असा त्याने शब्द दिला. उच्चार चुकू नये म्हणून नर्सने अंगहॅरद, मॉरविद, नेस्ट अशी जुन्या काळातल्या बायकांची नावं कॅसेटवर म्हणून दिली. शेवटी ग्वेनह्लियान. त्यातल्या 'ह्लि'साठी जीभ 'ल'च्या जागी टेकवून गालांकडून वारा सोडायचा.

मुलगीच झाली. बाप्तिस्म्याआधी अख्खी आळी माझ्यापुढे बसली. कुणाला जमेना, प्लासिडच्या बायकोला, लुसीलाही नाही. माझा काय रुबाब! गावात ते नाव फक्त माझ्याच पोटात होतं.

मग प्लासिडची आई, आल्बिना आजी, पाळण्याशी वाकली. बाई शाळेची पायरी न चढलेली. म्हणाली, "ग्वेनह्लियान!" हुबेहूब. तिच्या दोन्हीकडच्या दाढा पडल्या होत्या, वारा आपसूक सुटला.

"आता मना त्या डब्याची गरज नाय," ती हसली.

डबा! वर प्लासिडने तिची हाक त्याच कॅसेटच्या शेवटी माझ्याकडूनच भरून घेतली. येईल तो पाहुणा "आजीचं लाव" म्हणे. माझा नुसता जळफळाट होई. एके दिवशी तिची हाक लागताच मी फीत चाकात ओढली आणि चुरगाळून टाकली. लुसीला वाटलं, धूळ बसली असेल. तिने फीत कशीबशी सरळ केली आणि मला फडताळावर ठेवून दिलं.

शाळेत पोरीला कुणी गेनी म्हणे, कुणी ग्वेना. बरोबर हाक एकट्या आजीची. १९८६ साली आजी गेली. चर्चमधल्या तिच्या मिस्सेहून परतल्यावर पोरीने मला खाली काढलं, फ्रॉकने पुसलं. नर्सची नावं खणखणीत वाजली. आजीच्या जागी नुसती खरखर. मी जीव तोडून फीत ओढली, पण एवढंच निघालं: पडलेल्या दाढांच्या फटीतून सुटलेला वारा.

"हीच माझी आजी," ती म्हणाली आणि तेवढंच पुन्हापुन्हा लावत राहिली.

मित्रांनो, घरातल्या माणसांचे आवाज जपा. माझ्यासारख्याच्या भरवशावर सोडू नका. मला दुसऱ्यांचंच बोलता येतं. 'पोरी, ते मी केलं' एवढं तिला सांगायला माझ्याकडे आवाज नाही.