हिरवी होत जाणारी बोटं

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण थडथडलं आणि निजलेली दुपार दचकली. खिडकीबाहेर, इटलीतल्या त्या डोंगरगावाच्या उतरणीवर शरद सांडला होता: रजतपर्ण ऑलिव्ह, ताम्रवर्ण द्राक्षवेली, आणि भट्टीच्या धुराची एक आळसावलेली निळी रेघ.

थाळ्या रंगवणाऱ्या जिनेव्राने कुंचला उचलला. समोर मातीची थाळी, तिच्यावर कच्चा शुभ्र लेप. लेप असा तृषार्त, की रंग टेकला की प्यायलाच. इथे पुसणं नाही, खोडणं नाही; उमटली ती रेघ जन्माची.

थाळी लग्नाची होती. नवऱ्यामुलाने वधूला तिचाच चेहरा रंगवलेली थाळी धाडायची, ही त्या गावची रीत. वधू होती ओर्सोला, जिनेव्राची धाकटी बहीण, पंधरा वर्षांची. नवरदेव पन्नाशीचा, लोकरीचा व्यापारी. प्रसंग त्यानेच निवडला होता, प्राचीन लॅटिन काव्यातला: सूर्यदेव मागे लागलेला, वनकन्या बापाला हाका मारत धावते आहे, आणि धावता धावता तिचा वृक्ष होतो आहे. वर निरोप, मुलगी हसरी हवी.

केशरी देव झाला. पावलांची मुळं झाली, केसांचा पर्णभार झाला, हिरवी होत जाणारी बोटं झाली. उरले ओठ.

सकाळी ओर्सोला येऊन गेली होती. नुसती भाचीची, नेन्चाची, वेणी घालत बसली, घातलेली सोडून पुन्हा घालत.

कुंचला टेकला. ओठ उघडले, कृष्णगर्भ, आर्त, बापाला हाक मारणारे. लेप प्यायला.

भट्टीत रचायच्या थाळ्या न्यायला आलेले कारखान्याचे मालक तादेओ मागेच थबकले.

"अगं, लग्नाची थाळी आहे ही, मयताची नव्हे! हसरी म्हणाला होता ना तो?"

"काव्यात ती हसत नाही, मालक."

"काव्य वाचतो कोण, बाई! त्याला काय सांगू आता?"

"सांगा, लिहिली तशी उतरली."

ते त्या ओठांपाशी वाकले. मग थाळी दोन्ही हातांवर घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी. भट्टी थांबणार नव्हती. लग्नही नाही.

स्टुलावर चढून पाहणारी पाच वर्षांची नेन्चा आईला बिलगली.

"आई, ही मावशीच ना?"

"हो गं राणी."

"मग झाड झाल्यावर तरी तो तिला सोडतो का गं?"