एकेचाळीस जणांची बदली

आमच्या केंद्रात रुग्णांना नावाने हाक मारत नाहीत, नंबराने मारतात, आणि हे नंबर माझ्या ताब्यात असतात. मी रजिस्टर सांभाळते आणि संगणकात आकडे भरते. नऊ वर्षं झाली. राजधानीतले साहेब पडद्यावर नकाशा दाखवून सांगतात ना, की देशातली एचआयव्हीची साथ आता आटोक्यात येते आहे, त्या नकाशातला एक हिरवा ठिपका माझ्या टेबलावरून जातो. त्यामुळे साथ म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं.

गणित अगदी साधं आहे. लागण झालेल्यांपैकी किती जणांना ते ठाऊक आहे, ठाऊक असलेल्यांपैकी किती जण गोळ्या घेतात, आणि घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या रक्तातला विषाणू दबला आहे. या तीन प्रश्नांवर अख्खा राष्ट्रीय कार्यक्रम उभा आहे. रोज गोळी घेतली तर माणूस म्हातारा होऊन मरतो, आणि गरोदर बाईचं बाळही बहुतेक वेळा सुटतं. गोळी थांबली की केलेल्या सगळ्यावर पाणी. म्हणून जो महिनाभर फिरकला नाही त्याचा नंबर 'गळालेले' या यादीत टाकायचा आणि दर सोमवारी ती यादी फिरतीच्या ताईंच्या हातात द्यायची.

फिरतीच्या ताई पन्नाशीच्या आहेत, गुडघे दुखतात, तोंड मात्र दुखत नाही. त्या गळालेल्यांना शोधून परत आणतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून दारात जाऊन सांगतात, मी याची आत्या. "अर्ध्या शहराची आत्या आहे मी," त्या म्हणतात, "आणि एक जण धड पाणी विचारत नाही!" एकदा एक ड्रायव्हर त्यांना बघून मागच्या दाराने पळाला, तर या त्याच्या गाडीतच जाऊन बसल्या. गोळ्या घेतल्याशिवाय उतरल्या नाहीत. त्यांच्या यादीत नंबर गेला की माणूस सापडणारच.

सहा महिन्यांपूर्वी राष्ट्रीय कार्यालयाची तपासणी लागली. आमची गळती नऊ टक्के होती, पाचच्या वर गेलेली केंद्रं बंद करून मोठ्या इस्पितळाला जोडणार, असं पत्र आलं होतं. ते इस्पितळ दीड तासावर आहे. रोजंदारीवरची माणसं तिथे कशाला मरायला जातात? डॉक्टर डोकं धरून बसले होते. डॉक्टरांनी करायला लावलं असं मी म्हणू शकते, पण खोटं कशाला बोलू, युक्ती माझी होती. मी म्हटलं, "यांतले बरेचसे दुसरीकडे औषध घेतच असतील. आपण 'बदली' दाखवू." डॉक्टरांनी खिडकीकडे तोंड केलं आणि मी तेवढ्यावर काम उरकलं.

एकेचाळीस नंबर होते. 'गळालेले'मधून काढून 'दुसऱ्या केंद्रात बदली'मध्ये टाकायला मला चाळीस मिनिटंही लागली नाहीत. एकाचंही पान उघडून बघितलं नाही. बदली झालेल्याला शोधायला कुणी जात नाही, तो दुसऱ्या केंद्राचा झाला. हे मला माहीत होतं. नऊ वर्षं जी बाई हेच नियम इतरांना शिकवते तिला माहीत नसेल तर कुणाला? पण त्या दिवशी मला केंद्र वाचवायचं होतं. आणि ते वाचलं. तपासणीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या नीटनेटक्या रजिस्टरचं कौतुक केलं, आणि मी चक्क लाजले.

गेल्या गुरुवारी सकाळी राजधानीतून फोन आला. आवाज एका तरुण मुलीचा होता.

"सातशे बारा. तुमच्याकडून समुद्राकाठच्या केंद्रात बदली. ते म्हणतात, ही बाई इथे कधी आलीच नाही. तुमच्या शेवटच्या नोंदीत ती दोन महिन्यांची गरोदर होती. म्हणजे दिवस भरलेत मॅडम. बाळाला जन्मल्यावर काही तासांत औषध मिळायला हवं. कुठे आहे ती?"

माझी पाचावर धारण बसली. "बघून सांगते," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

ताईंना सांगितलं. सगळं सांगितलं, एकेचाळीसच्या एकेचाळीस. मला वाटलं, आता माझी सालटी काढतील. त्यांनी औषधाच्या कपाटातून बाळाच्या पातळ औषधाची बाटली आणि आईच्या गोळ्या काढल्या, पिशवीत घातल्या आणि म्हणाल्या, "चप्पल घाल."

सातशे बारा एका शिवणाच्या कारखान्यात काजबटणं करायची. आठ मशिनं, एक पंखा, जमिनीवर चिंध्यांचा ढीग. मालक मान वर न करता म्हणाला, "ती? बाळंत झाली की. नऊ दिवस झाले." ताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की मला कळलं, त्यांचे गुडघे नाही, धीर सुटलाय.

घर मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. दार सासूने उघडलं. "मी हिची आत्या," ताई म्हणाल्या आणि आत शिरल्याबरोबर म्हाताऱ्या बाईंना पाणी तापवायला पाठवलं. सासूला आजाराचं माहीत नव्हतं. सातशे बारा भिंतीला टेकून बसली होती आणि बाळ दूध पीत होतं. मुलगी होती. कान अजून दुमडलेले होते.

"गोळ्या?" ताईंनी हळू विचारलं.

"थांबल्या. उलट्या व्हायच्या, आणि कामावरून सुट्टी मिळेना." ती ताईंकडे बघून हसली. खरंच हसली, माहेरचं माणूस आल्यासारखी. "किती उशीर केलात आत्या! आधी मी तीनदा चुकले तर तीनदा आलात, शिव्या देऊन घेऊन गेलात. या वेळी पण वाट बघत होते. दार वाजलं की वाटायचं, आल्या. मग महिना गेला, दोन गेले. म्हटलं, आता गरज नसेल. गरज असती तर आत्यांनी सोडलं असतं का मला?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. बाटली उघडली, पिचकारीत औषध मोजून घेतलं आणि बाळाच्या गालात सोडलं. बाळाने तोंड वाकडं केलं.

"आजपासून रोज द्यायचं," ताई म्हणाल्या. "तुझ्या गोळ्याही आजपासून. सहा आठवड्यांनी हिच्या टाचेतून रक्त घेऊ."

"वाचेल ना?"

ताई बाटलीचं झाकण लावत बसल्या. ते केव्हाच लागलं होतं.

मला ते सहन होईना. मी म्हटलं, "ताईंची चूक नाही. त्यांच्या यादीतून तुमचा नंबर मीच काढला. मी लिहिलं होतं की तुम्ही दुसऱ्या केंद्रात गेलात. खोटं लिहिलं."

वाटलं, ती ओरडेल, निदान तोंड तरी फिरवेल. मला तेच हवं होतं बहुतेक. तिने फक्त विचारलं,

"कुठल्या केंद्रात?"

"समुद्राकाठच्या."

"तिथे नंबर आहे माझा? वहीत?"

"संगणकात आहे."

"म्हणजे सरकारने माझ्या गोळ्या तिकडे पाठवल्या असतील. इतके महिने." तिचे डोळे एकदम चमकले. तिने बाळाला छातीपासून दूर केलं आणि दुपट्यात गुंडाळायला घेतलं. "मला त्या सगळ्या आणू द्या. राहिलेल्या सगळ्या गोळ्या मी एकदम घेते. मग दुधातून हिला मिळेल, हो ना? मी चालते, मला काही होत नाही."

आतून सासूने पाणी तापल्याचं सांगितलं. ताई रडत होत्या. सातशे बारा उठून उभी राहिली आणि भिंतीचा आधार घेत माझ्याकडे वळली.

"तुम्ही सांगा, तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली. "किती लांब आहे ते केंद्र?"