शंभरावरचा पाचुंदा

टक्. चिंचोका पितळेच्या वाटीत पडला आणि दुपारची निपचित खोली दचकली.

“धा झालं, आये,” पाच वर्षांची बनू म्हणाली.

“हळू. झोळीतलं उठंल.”

अंजनानं तारेचं टोक अंगठ्यानं दाबून धरलं आणि दोऱ्यानं बांधलं. केसाएवढी बारीक तांब्याची तार. लाकडी रिळावर ती गुंडाळायला सयाजीनं, बनूच्या आबानं, फळीवर एक हँडल ठोकून दिलं होतं. हँडलचा एक फेरा म्हणजे तारेचा एक वेढा. शेकडा भरला की अंजना मान हलवायची आणि बनू वाटीत चिंचोका टाकायची. दहा चिंचोक्यांना एक रीळ. अशी सहा रिळं झाली, तीही तान्हं झोपेल तेवढ्याच वेळात. कधी तासभर, कधी पाव तास. एकदा तर त्याला मांडीवर पाजता पाजता तिनं दोनशे वेढे घातले होते.

सयाजी लढाईत बिनतारी यंत्रावर होता. परत आला तो सांगलीच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटला. पण नोकरी कच्ची. विद्यार्थ्यांसाठी फिल्टर बनवायचे होते आणि पुण्याहून तपासनीस येणार होते. फिल्टर तपासणीत उतरले तर सयाजी कायम. नाही उतरले तर बोजा बांधून कोरेगावाकडं, सासूच्या हाताखाली. तिथं पोरींना शाळा नव्हती. बनूनं तर पाटीवर ‘ब’ काढायला आत्ताच सुरुवात केली होती.

फिल्टर म्हणजे काय ते अंजनाला ठाऊक होतं. एका रविवारी सयाजीनं तिला प्रयोगशाळेत नेऊन कानाला यंत्र लावलं होतं. आधी भुंग्यासारखी घरघर, मग आवाज चढत चढत शिट्टीएवढा बारीक झाला आणि एका जागी विरूनच गेला.

“चाळणच की वं ही,” ती म्हणाली होती. “जाडं खाली जाऊ देती, बारीक वर धरून ठेवती.”

“उलटी चाळण,” तो हसला होता. “आन् कुठं धरायचं ते रिळावर ठरतं. हजार वेढं म्हंजे हजार कंपनं. एक जरी कमी पडला तर माझं नाक कापलं म्हणून समज.”

कमी पडू नये, एवढंच तिनं मनात धरलं. तिच्या बापाच्या खळ्यावर कडबा मोजताना शंभर पेंढ्यांवर पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा टाकल्याशिवाय शेकडा झाला असं कुणी म्हणत नसे. नुसते शंभर देणारा तो चिक्कू. तिनं प्रत्येक शंभरावर पाच वेढे घातले, मगच मान हलवली. नवऱ्याच्या कामाला हात आखडता घेईल ती कसली!

सयाजीनं कॉलेजात सांगितलं होतं, रिळं मीच गुंडाळतो. तिला त्याचं काही वाटलं नाही. घरचंच काम, नाव कुणाचं का असेना.

तपासणीच्या दिवशी तो जेवायला येणार नव्हता. तान्ह्याला शेजारच्या रंगूबाईंकडं ठेवून, भाकरी बांधून, बनूला घेऊन ती गेली. प्रयोगशाळेचं दार उघडंच होतं. ती चौकटीबाहेर थांबली.

आत टेबलावर पहिला फिल्टर लावला होता. तपासनीस चकती फिरवत होते, काट्यावर डोळा होता. आवाज चढत गेला आणि काटा पडला.

“साडेनऊशे कंपनं,” ते म्हणाले. “हजारला पडायला हवा होता. रिळाच्या जोडीचा कंडेन्सर तपासा.”

कंडेन्सर बरोबर निघाला. मग त्यांनी रीळ उसवून वेढे मोजायला लावले. तांबडी तार टेबलाखाली साचत गेली. अंजनाला वाटलं आपलंच काही उसवतंय.

“एक हजार पन्नास! वेढे वाढले की आवाज आधीच तुटतो,” तपासनीस म्हणाले. “पलटणीत मोजायला शिकवत नाहीत का हो?”

टेबलाभोवतीची विद्यार्थी पोरं हसली. सयाजीचं लक्ष दाराकडं गेलं. क्षणभर त्याची नजर तिच्या नजरेला लागली, मग त्यानं मान फिरवली.

“बायकोनं घोळ केला, सर. अडाणी हाय.”

अंजनाच्या हातातली भाकरी गरम होती. तिनं ती छातीशी धरली.

तपासनिसांनी उरलेली पाच रिळं एकेक करून लावली. साडेनऊशे. साडेनऊशे. पाचही वेळा चकतीच्या त्याच रेघेवर काटा पडला. त्यांनी चष्मा काढला.

“चूक आहे, पण एका वेढ्याचा फरक नाही हो! एवढा सारखा हात मला पुण्यातही मिळालेला नाही. चिठ्ठीवर साडेनऊशे लिहा आणि खुशाल वापरा. असा हात कॉलेजनं सोडू नये.” मग सयाजीकडं बघत त्यांनी विचारलं, “म्हणजे हे सगळं तुमच्या बायकोनं गुंडाळलं?”

आता सांगंल, अंजनाला वाटलं. तिनं पदर सारखासुद्धा केला.

“न्हाई, सर,” सयाजी म्हणाला. “गुंडाळलं मीच. ती निस्ती मोजाय बसली हुती.”

कॉलेजचे मोठे सर पुढं झाले, त्यांनी त्याच्या पाठीवर थाप दिली. “मग झालं! नेमणुकीचं पत्र उद्याच काढतो.”

अंजनानं भाकरी चौकटीशी ठेवली आणि बनूचं मनगट धरून मागं वळली. नोकरी कायम झाली होती. बनूची शाळा टिकली होती. तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. बोटांवर तारेनं कापलेल्या बारीक रेघा मात्र घामानं चुरचुरत होत्या.

फाटकापाशी बनूनं हात सोडवून घेतला.

“आये, मोजत तर मी हुते. मग आबानं गुंडाळलं कवा गं?”