दोन सरकारांचा पाऊस

तेलंगणातल्या भीमपूर मंडलात आमच्या सीमेवरच्या गावात मोबाइलला दोन राज्यांची रेंज मिळते. घरात तेलंगणाची, अंगणात आलं की पैनगंगेपलीकडच्या महाराष्ट्राची. त्यामुळे पावसाचे अंदाजही दोन येतात, एक तेलुगूत, एक मराठीत. पूर्वी पंचांगात एकच अंदाज असायचा आणि तो चुकला की भांडण देवाशी व्हायचं. आता घरातल्या घरात होतं.

पांडुरंगरावांच्या घरचंच घ्या. ते मराठी शाळेत शिकलेले, मुलगा पंकज तेलुगू शाळेत. बायको जयवंताबाई कुठल्याच नाही. म्हणून त्यांच्याकडे फक्त बी असायचं.

बी गावरान ज्वारीचं. सगळं शिवार कपाशीखाली गेलं तरी जयवंताबाईंनी एक एकर ज्वारीला राखलेला. मागच्या कार्तिकात, जेव्हा पाऊस पडायचं काही कारण नव्हतं, तेव्हा चार दिवस पडला आणि कणसं उभ्या धाटावरच उगवली. उगवलेल्या दाण्याचं बी होत नाही. आधीच्या वर्षीचं दीड पायली तेवढं राखेत घालून ठेवलेलं होतं. हे गेलं तर त्या वाणाचा दाणा मागायला आजूबाजूच्या गावांत घर उरलेलं नव्हतं.

जूनमध्ये तेलुगू मेसेज आला की तीन दिवसांत चांगला पाऊस. मराठी मेसेज म्हणाला, पेरणीची घाई नको.

पंकज म्हणाला, "बाबा, रेशन खातो तेलंगणाचं, अन् ऐकाचं महाराष्ट्राचं?"

"रेशन खाल्लं म्हणून पाऊसबी त्याहीचाच पडंल काय?" पांडुरंगराव म्हणाले. पण बैल पंकजच्या हाती असल्यामुळे तेलंगणा जिंकलं.

पेरणीच्या चाड्यावर बियाची मूठ धरायचा मान घरच्या बाईचा. जयवंताबाईंनी तिफणीला कुंकू लावलं, ओटीत ज्वारी घेतली आणि संध्याकाळपर्यंत एकर पेरून दिला. बाईच्या ओटीत काय आहे हे तपासायची आपल्याकडे पद्धत नाही.

पाऊस आला, रोपं दोन पानांवर आली आणि मग बावीस दिवस आभाळ कोरडं. रोपं वाळून गेली. बापलेकांनी एकमेकांच्या सरकारला शिव्या देणंही सोडलं. एका दुपारी पांडुरंगराव ताट बाजूला सारून म्हणाले की तुझं बी आम्ही मारलं.

"ते ज्वारी दुकानातली होती," जयवंताबाई म्हणाल्या. "भाकरीसाठी आणलेली. बी हाये घरात."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तं तुमी तेच पेरलं असतं."

पांडुरंगरावांनी ताट परत ओढलं.

जुलैच्या मध्यात पाऊस परतला आणि ओल वीतभर खोल मुरल्यावर जयवंताबाईंनी खरं बी पेरलं. कोणाला विचारलं नाही. शिवारात ज्वारी एकटीच, म्हणून गावभरचे पक्षी त्यांच्याकडे जेवायला. तरी नोव्हेंबरात कणसं भरली.

तेव्हा एक अघटित घडलं. दोन्ही मेसेज एकच बोलले: पुढचे आठ दिवस कोरडे. बापलेकांनी मिळून चहा घेतला आणि दाणा चांगला टणक होऊ द्यायचा, आठवड्याने कापणी, असं एकमताने ठरवलं.

जयवंताबाईंनी विळा घेतला आणि शेजारच्या भागाबाईला हाक मारली.

"आई, दोघंबी एकच सांगून राह्यले," पंकज म्हणाला.

"म्हणूनच भेव वाटून राह्यलं."

त्यांनी दाणा नखाने दाबून पाहिला. दूध नव्हतं, बुडाला पिकल्याच्या खुणेचा काळा ठिपका धरला होता. सगळ्या एकराला दोघींचे हात पुरणार नव्हते, म्हणून चांगल्या आठ ओळींची कणसं कापून चुलीवरच्या आढ्याला टांगली. जागा कमी पडली तेव्हा पांडुरंगरावांची खाट ओसरीत गेली.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि दोन दिवस राहिला. शेतातली ज्वारी काळी पडली, नंतर उगवली. ती बैलांनी खाल्ली. त्यांनी कोणताच मेसेज वाचलेला नव्हता.

घरातली कणसं वाळवून पाच पायल्या बी निघालं. भागाबाईने थोडं मागितलं. जयवंताबाईंनी पायलीभर तिच्या पदरात घातलं, पण हात पदरावरच ठेवून म्हणाल्या, "एक ऐक. मी ज्या दिवशी पेरीन, त्या दिवशी तू पेरू नको."

"मंग कधी पेरू?"

"मले काय माहीत? पण दोघी संगंच चुकाचं नाई."