बस म्हणजे काय

मित्रांनो, आधीच नाक मुरडू नका. माझ्या अस्तराने कितीतरी डोक्यांचा घाम प्यायला आहे, वास येणारच. मी बॉक्सिंगच्या व्यायामशाळेतला, डोक्यावर बांधायचा एक जुना हेडगार्ड आहे. रिंगमागच्या खिळ्यावर लटकत असतो. मला खाली उतरवायला हल्ली कुणी येत नाही, म्हणून तुम्ही सापडलात तर तुम्हालाच सांगतो.

कारखान्यात चामडे कापून, आत फोम दाबून मला शिवले. तिथल्या तपासनीस बाईंनी मला गुडघ्यावर ठेवून एक सणसणीत बुक्की मारली आणि म्हणाल्या, "टिकेल हा." तेवढीच माझी परीक्षा. इथे आल्यावर नव्याचे नऊ दिवस मजेत गेले. स्पर्धेला जाणारे खेळाडू मला हक्काने मागून घेत आणि शिकवणारे मास्तर स्वतः ओल्या फडक्याने मला पुसत. मग चकचकीत नवे हेडगार्ड आले आणि मी नवशिक्यांच्या वाट्याला गेलो.

आता खरे सांगतो. मी भुवई फुटू देत नाही, कान सोलवटू देत नाही, पण ठोशाचा हादरा आत जातोच. तो मला कधीच अडवता आला नाही. नवशिक्यांना वाटते, हा डोक्यावर चढला म्हणजे आपण किल्ल्यात बसलो! मला त्यांचे हसू येई. पुढे तेही येईनासे झाले.

एक मुलगी आली. लाँड्रीत इस्त्री करायची, म्हणून सगळे तिला इस्त्रीवालीच म्हणत. तिचा बाप उठसूट तिच्यावर हात उगारायचा. तो वारला, पण तिची खोड राहिली. कुणी टाळी द्यायला हात उचलला तरी तिचे डोळे गच्च मिटत. पहिल्याच दिवशी ती मास्तरांना म्हणाली, "मला कुणाला मारायचं नाही. समोरून हात आला की माझे डोळे मिटतात, ते मिटायला नकोत. एवढंच शिकवा."

"एवढंच म्हणतेस? त्यातच तर सगळं आलं," मास्तर म्हणाले.

आधी ती लटकत्या पिशवीवर ठोसे मारायला शिकली आणि चांगली शिकली. इस्त्री फिरवून खांदे तयारच होते. मग स्पारिंगचा दिवस आला, म्हणजे समोर जोडीदार आणि येणारे ठोसे खरेखुरे. जोडीदार होती बेकरीवाली. रोज पोतेभर कणीक मळणारे हात ते, पण मनाने लोण्यासारखी. तिने मला इस्त्रीवालीच्या डोक्यावर चढवले, हनुवटीखालचा पट्टा ओढला आणि विचारले, "घट्ट नाही ना झालं गं?"

मित्रांनो, सगळा घोटाळा एका शब्दाने केला. आमच्या मास्तरांना तोंड वाजवायचा कंटाळा. 'गुडघ्यात वाकून खाली बस, ठोसा डोक्यावरून जाऊ दे' हे सगळे ते एका 'बस'मध्ये उरकत. थांबायचे असेल तर 'पुरे' म्हणत. जुन्यांना हे पाठ होते. पिशवीपाशी हा शब्द लागतच नसे, पिशवी थोडीच उलट ठोसा मारते? त्यामुळे इस्त्रीवालीला तो कुणी सांगितलाच नाही. सांगायला हवा, हे कुणाच्या डोक्यातच आले नाही.

ती छान खेळत होती. डोळे किलकिले, पण उघडे होते. मला आतून तिच्या पापण्यांची धडपड कळत होती आणि माझा ऊर भरून आला होता. तेवढ्यात बेकरीवालीचा उजवा हात निघाला आणि मास्तर ओरडले, "बस!"

ती थांबली. हात खाली सोडून, मान वळवून तिने मास्तरांकडे पाहिले. झालं का बरोबर, असे विचारायला पाहिले असावे. ठोसा माझ्या डाव्या बाजूवर आला. मी होता नव्हता तेवढा फोम पुढे केला, तरी तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ती खाली बसली ती बसलीच.

"अगं, बस म्हटलं ना मी!" मास्तर धावत आले.

"म्हणून तर थांबले," ती म्हणाली.

बेकरीवाली रडायला लागली.

'बस' म्हणजे काय ते तिला त्याच दिवशी समजावले, पण त्यानंतर सगळे उलटे झाले. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी ती हात हलायच्या आधीच डोळे मिटू लागली. तिने प्रयत्नांत कसूर केली नाही. लाँड्रीत वाफेपुढे चेहरा धरून डोळे उघडे ठेवायला बघे. बेकरीवालीला तोंडासमोर टॉवेल झटकायला लावी. टॉवेलपुढे डोळे टिकत, ग्लोव्ह दिसला की मिटत. बेकरीवालीचाही हात धजेना. तिचे ठोसे माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच विरघळत, आणि असल्या दयेच्या ठोशांनी कुणी काही शिकत नाही. दोघी एकमेकींना जपत होत्या आणि काहीच पुढे सरकत नव्हते.

एका संध्याकाळी मास्तरांनी बेकरीवालीला थोडा नेटाने ठोसा मारायला सांगितले. तिने मारला. इस्त्रीवालीने डोळे मिटून तो सरळ कपाळावर घेतला. मास्तर बराच वेळ बघत राहिले. डोळे मिटून मार खाणाऱ्याला रिंगमध्ये ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ, हे त्यांना ठाऊक होते. ते दोरीपाशी आले आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाले, "बस, पोरी. बस."

आणि ती बसली. गुडघे वाकवून, हात गालांशी धरून, मान आत घेऊन, अगदी हवी तशी. डोळे टक्क उघडे! मी आतून ओरडत होतो, बघा, अहो बघा! पण मास्तर पाठ फिरवून टॉवेल घ्यायला गेले होते, आणि समोरून ठोसा येतच नव्हता.

बेकरीवालीने हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, ते बस नाही. पुरे, असं म्हणाले ते."

"हो का," ती म्हणाली आणि उभी राहिली. बेकरीवालीने तिचे ग्लोव्ह सोडून दिले. मग हनुवटीखालचा पट्टा इस्त्रीवालीने स्वतः काढला, मला कोरड्या फडक्याने आतून बाहेरून पुसले आणि या खिळ्याला अडकवले. पुन्हा ती आली नाही.

मित्रांनो, मला उन्हात वाळवा, पट्टा शिवून घ्या, असे मी सांगणार नाही. माझे दिवस भरले आहेत. पण कुणा नवख्याला तुमच्यात घ्याल, तेव्हा तुमचे रोजचे शब्द आधी त्याला नीट समजावून सांगा. माझ्या डाव्या बाजूवरून बोट फिरवलेत तर एक खळगा लागेल. फोमचे खळगे सकाळपर्यंत भरून येतात, असे मास्तर सगळ्यांना सांगत. हा भरला नाही.