काळी पडलेली पट्टी

“कोणं सांगतलं होतं तुम्हाले लॅमिनेट कराले? काहून केली गा काका?”

“टिकावी म्हणून केली ना वं! मले काय सपन पडलं होतं का, काळी होईन म्हणून?”

हे भांडण माह्या समोरच चालू आहे, मित्रांनो. वरडून राहिली ती भूमिका, काटोलची. तिच्या कडेवर तिची पोरगी आहे, पाळण्यातून बाहेर पडाचं वय झालं तरी मान धरत नाही. अन् ज्याच्यावर वरडून राहिली तो रुपराव, या दवाखान्यातले जुने कागद सांभाळणारा. दोघांच्या मधात टेबलावर एक लांब, चकचकीत, काळीकुट्ट पट्टी पडली आहे. ती मी काढली होती.

मी एक जुना मॉनिटर आहे. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका छोट्या बाळंतपणाच्या दवाखान्यात राहतो. बाईच्या पोटाले माहा पट्टा बांधला, का आतल्या लेकराचे ठोके मले ऐकू येते. ते मी कागदावर रेघ मारून दाखवतो. लेकरू बरं असलं तर रेघ वर, गुदमरलं तर खाली. शाई-बिई लागत नाही मले. माहा कागदच असा आहे का चटका लागला का काळा होते, म्हणून मी चटके देऊनच लिहितो.

नवा होतो तवा लय मान होता. डॉक्टर स्वतः फडक्यानं पुसत मले. मंग पट्टा ढिला झाला. बाईनं कूस बदलली का तो सरके, ठोके हरवत, अन् मी उगाच बोंबलत बसे. म्हणून इथं सगळ्याईले एक सवय लागली. मी बोंबललो का आधी आवाजाचं बटण दाबाचं, पाहाचं मंग. एक सिस्टर तर हातात चहा असला का कोपरानंच दाबे!

भूमिकाच्या बाळंतपणात पट्टा सरकलाच नव्हता. रेघ खरंच खाली गेली होती अन् वर येतच नव्हती. मी बोंबललो. दाबलं बटण. पुन्हा बोंबललो. पुन्हा दाबलं. डॉक्टर आले, त्याईनं पट्टी हातात घेतली अन् त्याईचा चेहराच उतरला. मंग झाली धावाधाव. चिमटा लावून ओढली पोरगी. निळी पडली होती, रडलीच नाही. काचेच्या पेटीत तिले झटके आले.

अन् घरी जाताना डॉक्टरनं कार्डावर काय लिहिलं? “झटके. कारण माहीत नाही.”

माहीत नाही म्हणे! मी काय तिथं झोपलो होतो?

कम्प्युटरवर दीप्ती बसते. हरेक बिमारीले एक नंबर असते, तो टाकाचं काम तिचं. पण मनानं काही टाकता येत नाही तिले. डॉक्टरनं जे लिहिलं, त्याचाच नंबर. जन्मताना मेंदूले हवा पोचली नाही, त्याचा नंबर वेगळा. कारण माहीत नाही, त्याचा वेगळा. पोरीच्या नावावर तोच चढला, कोणाले काही माहीत नाही वाला.

आता जिथं पोरीले व्यायाम देते तिथले डॉक्टर विचारून राहिले, जन्मताना काय झालं होतं? ते समजलं तर पुढचा इलाज नीट ठरवता येते. अन् घरी सासू म्हणते, “तुह्याच माहेरात असन कोणी असं, आमच्याकडे नाही.” भूमिकाले फक्त खरं कारण कागदावर पाह्यजे. म्हणून तिनं फोन करून पट्टी मांगितली.

रुपराव वाईट नाही हो. त्यानं पट्टी काढली तर नागपूरच्या उन्हाळ्यानं ती फिकी पडत आली होती. त्याले वाटलं, भूमिका दुरून येऊन राहिली, पक्की करून द्यावी, आधार कार्डासारखी. मशीनच्या गरम रुळातून पट्टी गेली अन् पूर्ण काळी झाली. झेरॉक्स तर कोणीच काढला नव्हता.

भांडण ऐकून दीप्ती उठली. पोरीचं कार्ड घेतलं अन् आमच्या डॉक्टरलेच बोलावून आणलं.

“सर, पट्टी गेली. पण तुम्ही तर होते ना तिथं?”

“पुरावा कुठे आहे, दीप्ती? जे लिहिलं नाही, ते झालंच नाही असं धरतात.”

“मंग लिहा ना, सर. मागची तारीख नका टाकू. आजची टाका अन् जे आठवते तेवढंच लिहा. नंबर मी बदलवून देईन.”

“आणि उद्या मला कोर्टात खेचलं तर?”

भूमिका पुढं झाली. आता वरडली नाही. “मले तुमच्याशी भांडाचं नाही, सर. हिले काय झालं होतं तेवढं लिहा. तुम्ही पाह्यलं होतं का नाही?”

डॉक्टरनं पोरीकडं पाह्यलं. पोरीची मान भूमिकाच्या खांद्यावरून घसरली, तिनं हातानं सावरली.

मित्रांनो, मशीन बोंबललं तर आधी लेकराकडं पाहा, मंग बटण दाबा. अन् जे पाह्यलं ते तवाच लिहा. चटक्याच्या कागदाचा त्याच दिवशी झेरॉक्स काढा, त्याले ऊन दाखवू नका, गरम मशीनमधी तर घालूच नका. मी किती बोंबललो तरी मले फक्त रेघ मारता येते. लिहाचं काम तुमचंच आहे ना बे!

नवा मॉनिटर आला आहे, म्हणून मले न्यायले भंगारवाला रोशन केव्हाचा दारात उभा आहे. इकडं डॉक्टरनं खिशातून पेन काढला. खुर्ची ओढली. कार्ड जवळ घेतलं. “माहीत नाही” याच्यावर एक आडवी रेघ मारली, बाजूले तारीख टाकली, अन् पुढं लिहाले...

अबे रोशन, थांब ना जरासा! पाहू दे ना काय लिहून राहिले ते!

नाही ऐकत. वायर गुंडाळली त्यानं. मले आता जा लागते.