पुढच्या सीटवरचं थायलंड

सुजीतची पांढरी सनी गाडी सकाळी सहा-चाळीसला अजमानहून निघायची आणि शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या कारखान्यापाशी पोचेपर्यंत थायलंडचं सरकार निदान एकदा तरी पडलेलं असायचं. ते पाडायचं काम गुणवंतराव दिघे पुढच्या सीटवर बसून करायचे. बूट काढून, मांडी घालून, वरून सीटबेल्ट लावून. थायलंडात म्हणे कुणाच्या घरात बुटासकट शिरत नाहीत, आणि गाडी म्हणजे माणसाचं चालतंफिरतं घर. तत्त्व चांगलं होतं. मोज्यांच्या बाबतीत थायलंडात काय नियम आहे, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

एकाची गाडी आणि बाकीच्यांनी महिन्याचे ठरावीक पैसे द्यायचे, याला तिकडं कारलिफ्ट म्हणतात. सुजीत पुण्याचा, वय बत्तीस, एसीचे डक्ट बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. गुणवंतराव त्याच कारखान्याचं स्टोअर सतरा वर्षं सांभाळत होते. मागच्या सीटवर गुहागरकडचा सोमनाथ, पत्राकामातला पक्का कारागीर आणि झोपेच्या बाबतीत त्याहून पक्का. रस्ता म्हटला तर वीस मिनिटांचा. पण त्या वेळी अख्खं अजमान शारजाकडे निघालेलं असायचं, त्यामुळे तास-सव्वातास कुठं गेला नाही.

गुणवंतरावांचा थायलंडशी संबंध चार वर्षांचा. सत्त्याहत्तर ते एक्क्याऐंशी ते बँकॉकजवळच्या एका सूतगिरणीत होते. त्याला आता वीस वर्षं उलटून गेली होती, मधल्या काळात तिकडं पाऊल पडलं नव्हतं, तरी बोलताना ते 'थायलंड' म्हणत नसत, 'आमच्याकडे' म्हणत. आमच्याकडे माझ्या देखत लष्कराचे दोन उठाव झाले, एक जमला आणि एक फसला, हे ते दर आठवड्याला सांगत. जमलेल्या उठावाचा पत्ता त्यांना तिसऱ्या दिवशी लागला होता, कारण त्या आठवड्यात गिरणीत स्टॉकटेकिंग होतं. हा तपशील शोभनाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, एकदा चहा देता देता फोडला होता.

मतांना तोटा नव्हता. तिकडच्या नव्या पंतप्रधानानं तीस बाटमध्ये कुठल्याही आजारावर उपचार सुरू केले, यावर त्यांनी सबंध एप्रिल महिना काढला. तीस बाट म्हणजे अडीच दिरहम, म्हणजे आपले तीस-पस्तीस रुपये, हा हिशेब ते रोज नव्यानं करून दाखवत. नाकात एक मेन्थॉलची नळी खुपसलेली असायची, कारण आमच्याकडे पोलिसापासून मंत्र्यापर्यंत सगळे ती हुंगतात आणि म्हणून कुणाचं डोकं दुखत नाही. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दोन गटांची भांडणं झाली, तेव्हा आमच्याकडे ब्याण्णव साली राजानं दोन पुढाऱ्यांना समोर जमिनीवर बसवलं आणि प्रकरण मिटलं, तसं इथंही करावं असं त्यांनी सुचवलं. दोन्ही गट त्यांच्यावर उलटले आणि त्या निमित्तानं का होईना, एक झाले.

सोमनाथ झोपला की त्याचे लांबलचक पाय दोन सीटांच्या मधून पुढं यायचे. थायलंडात कुणाकडे पाय करणं म्हणजे मोठा अपमान. गुणवंतराव मान न वळवता म्हणायचे, "पाय आवरा. आमच्याकडे चालत नाही." सोमनाथ झोपेतच पाय ओढून घ्यायचा.

एक गोष्ट तेवढी सुजीतलाही आवडायची. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी गुणवंतराव बर दुबईच्या देवळाच्या गल्लीत जाऊन मोगऱ्याची माळ आणायचे आणि शनिवारी गाडीत बसल्याबरोबर ती आरशाला अडकवायचे. आमच्याकडे प्रत्येक ड्रायव्हर अडकवतो, प्रवास सुखाचा होतो म्हणून. मंगळवारपर्यंत ती सुकून तपकिरी व्हायची, पण शनिवार-रविवार गाडीला मोज्यांऐवजी मोगऱ्याचा वास यायचा.

तरी सांगायचं ते सांगितलं पाहिजे. सुजीत पार कंटाळला होता. मे महिन्याच्या सुरुवातीला त्याला कळलं की जूनमध्ये गुणवंतरावांना साठ पूर्ण होतात, आणि साठीनंतर व्हिसा आपोआप वाढत नाही. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच संध्याकाळी त्यानं अकाउंट्समधल्या वासुदेवला पुढची सीट देऊन टाकली. वासुदेव दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन टेलिफोनवर. जुलैपासून ये, सुजीतनं त्याला सांगितलं.

आणि मग मेच्या तिसऱ्या शनिवारी गुणवंतराव गाडीत बसले ते माळ न घेता. बूट काढले नाहीत. मांडी घातली नाही. शारजा आलं तरी थायलंडचं सरकार जागच्या जागी होतं.

पहिल्या दिवशी सुजीतनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि रेडिओ लावला. दुसऱ्या दिवशी रेडिओवर त्याच त्या जाहिराती असल्याचं त्याच्या ध्यानात आलं. तिसऱ्या दिवशी रस्ता संपता संपेना. चौथ्या दिवशी सोमनाथ मागून म्हणाला, "सुजीतसाहेब, मला हल्ली झोप लागत नाही गाडीत." सात वर्षं जो माणूस थायलंडच्या राजकारणावर झोपत आला होता, त्याला शांततेत झोप येणार कशी.

त्या संध्याकाळी सुजीत अजमानला त्यांच्या घरी गेला. काका अंघोळीला गेले होते. शोभनाकाकूंनी टीव्हीखालच्या कप्प्यातून एक फॉर्म काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. कारखान्याचा मुदीर, म्हणजे जॉर्डनचा मॅनेजर, माणूस वाईट नव्हता. साठीच्या माणसाला आणखी एक वर्ष ठेवायचं तर वरून खास परवानगी काढावी लागते, त्यासाठी त्यानं हा फॉर्म दिला होता. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, सगळं सुवाच्य अक्षरात भरलेलं. खाली एक मोठा चौकोन होता. कंपनीला आपली गरज का आहे, ते दहा ओळींत लिहा. चौकोन कोरा होता. फॉर्म गुरुवारी द्यायचा, म्हणजे परवा.

"आठ दिवस झाले," काकू म्हणाल्या. "रोज रात्री पेन घेऊन बसतात आणि टोपण लावून उठतात. काल बातम्यांत थायलंड दाखवलं, तर उठून चॅनेल बदललं त्यांनी. मी पस्तीस वर्षांत असं पाहिलं नाही रे."

सुजीतनं विचारलं, परत जायची एवढी भीती का वाटते काकांना? पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे, मुलगा जवळ आहे.

"तिथं त्यांचं ऐकणार कोण?" काकू म्हणाल्या. "पुण्यात मत देणारे गल्लोगल्ली बसलेत. ऐकणाऱ्याची जागा तिथं रिकामी नाही, बोलणाऱ्यांचीच दाटी. इथं निदान तुझी गाडी आहे."

सुजीत मान खाली घालून चहा प्यायला. वासुदेवचं नाव त्याच्या जिभेवर आलं होतं, ते त्यानं बिस्किटाबरोबर गिळलं. जगातल्या यच्चयावत विषयांवर मत असणाऱ्या माणसाला, स्वतःची गरज काय या एका प्रश्नावर मत नव्हतं, आणि हे कळल्यावर सुजीतला स्वतःची लाज वाटली.

बुधवारी सकाळी कट ठरवूनच गाडी निघाली. सोमनाथनं सुरुवात केली. थायलंडचे लोक म्हणे तिखट अजिबात खात नाहीत. गुणवंतराव खिडकीबाहेर बघत राहिले. सुजीत म्हणाला, तिकडे लष्कर कधी राजकारणात पडत नाही असं त्यानं वाचलंय. खिडकीबाहेर सिमेंटचा ट्रक चालला होता, काकांनी तो अत्यंत लक्षपूर्वक पाहिला. सोमनाथनं मग मुद्दाम दोन्ही पाय पुढं काढून थेट गिअरपाशी ठेवले. काकांनी त्या पायांकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. सोमनाथनं पाय हळूच मागे घेतले. त्याचा चेहरा पडला.

पुढं अपघात झाला होता, गाड्या जागच्या हलेनात. सुजीतचा धीर सुटला. "असू दे," तो सोमनाथला म्हणाला, पण ऐकवायचं होतं दुसऱ्यालाच. "जुलैपासून स्टोअर कॉम्प्युटरवर जाणार आहे. मुदीर म्हणतो, रॅकवरची ती जनावरं पुसून नंबर टाकू. खलास. नाहीतरी ती चित्रं म्हणजे पोरखेळच."

मुदीर असं काही म्हणाला नव्हता. जनावरांची गोष्ट मात्र खरी होती. स्टोअरच्या प्रत्येक रॅकवर गुणवंतरावांनी रंगानं एकेक प्राणी काढला होता. हत्तीवर मोठे बोल्ट, मगरीवर क्लॅम्प, कोंबडीवर वॉशर, गोगलगायीवर गुंडाळलेले पाइप. नवीन आलेले लोक हसायचे आणि आठवड्याभरात त्यांनाही दुसऱ्या कुठल्या भाषेत सामान मागता यायचं नाही.

गुणवंतरावांनी मेन्थॉलची नळी नाकातून काढली.

"पोरखेळ?" ते म्हणाले. "सुजीत, तू ड्राफ्ट्समन आहेस ना? मग ऐक."

आणि ते सुटले. गिरणीत तीनशे बायका कामाला होत्या, त्यांना माझं इंग्रजी वाचता येईना आणि मला त्यांची अक्षरं. पहिले दोन महिने कुणी काय मागितलं आणि कुणाला काय मिळालं, याचा मेळ लागला नाही. मग एका म्हाताऱ्या कामगार बाईनं खडूनं रॅकवर कोंबडी काढून दाखवली. त्या दिवसापासून चूक नाही. इकडे आलो तर कारखान्यात पठाण, बंगाली, मल्याळी, नेपाळी, आणि गुहागरचा हा सोमनाथ, जो सतरा वर्षांत इंग्रजीचं एक अक्षर शिकलेला नाही. यातल्या कुणाला नंबर वाचून दाखवणार? पठाणाला 'मगरमच्छ' म्हणा, तो डोळे मिटून क्लॅम्प आणतो. सतरा वर्षांत चुकीचं सामान साइटवर गेलं ते दोनदा, आणि दोन्ही वेळा मी रजेवर होतो. कॉम्प्युटर आणा, मी नाही म्हणत नाही, पण आमच्याकडे मशीन आली तेव्हाही कोंबडी पुसली नव्हती.

मागच्या सीटवर सोमनाथ जागा होता. पत्र्यावर खुणा करायची पेन्सिल त्याच्या कानावर असायचीच. खिशातल्या सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा उलगडून तो मोठमोठ्या मराठी अक्षरांत भराभर उतरवून घेत होता. एक पाकीट संपलं तेव्हा त्यानं दुसरं, भरलेलं, रिकामं केलं. सगळ्या सिगारेटी मांडीवर ठेवून तो लिहीत राहिला.

दुपारी सुजीतनं ते पुठ्ठे आणि काकूंनी गुपचूप दिलेला फॉर्म समोर ठेवून इंग्रजीत दहा ओळी केल्या. खरं तर नऊच झाल्या. हत्ती, मगर आणि कोंबडी तिन्ही त्यात बसवली, तरी दहावी ओळ काही सुचेना. संध्याकाळी तो फॉर्म घेऊन काकांकडे गेला आणि म्हणाला, सही करा, एक ओळ शिल्लक आहे, ती तुम्ही लिहा. गुणवंतरावांनी नऊ ओळी दोनदा वाचल्या. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग आत जाऊन बऱ्याच वेळानं फॉर्म पाकिटात बंद करून आणून दिला.

गुरुवारी सुजीतनं पाकीट मुदीरच्या टेबलावर ठेवलं. मुदीरनं त्याच्यासमोरच उघडलं. कोंबडीपाशी तो हसला. मग त्यानं दहावी ओळ वाचली आणि हसायचा थांबला. फॉर्म त्यानं उलटा फिरवून सुजीतपुढे सरकवला. गुणवंतरावांनी त्यांच्या सुवाच्य, स्टोअरच्या इंग्रजीत लिहिलं होतं: कंपनीला माझी गरज आहे की नाही, हे कंपनीनं ठरवावं. मला मात्र सकाळच्या गाडीची गरज आहे, कारण तिथं माझे दोन मित्र बसतात.

सुजीतला तिथं उभं राहवेना. मुदीरनं फॉर्मवर सही ठोकली, वर पाठवतो म्हणाला, परवानगी येईल इन्शाल्ला, आणि जाता जाता मगरीच्या रॅकचं एक चित्र मला कागदावर हवं, असं सांग म्हणाला.

परवानगी जूनच्या शेवटच्या आठवड्यात आली. एका वर्षाची. पुढचं पुढं.

जुलैच्या पहिल्या शनिवारी सुजीतनं गाडी काढली तेव्हा वासुदेव ठरल्याप्रमाणे फाटकापाशी उभा होता. शब्द दिला होता, मोडवत नव्हता, म्हणून सुजीतनं त्याला मागे बसवलं, सोमनाथच्या शेजारी. पुढं गुणवंतराव आले. बूट काढले, मांडी घातली, पिशवीतून मोगऱ्याची माळ काढून आरशाला अडकवली. गाडी मुख्य रस्त्याला लागली तरी ते गप्पच होते. नवीन माणसासमोर सुरुवात कशी करावी, असं काहीसं त्यांना वाटत असावं.

"काका," सुजीत म्हणाला, "त्या तीस बाटचं पुढं काय झालं?"

सात वर्षांत त्यानं पहिल्यांदा काही विचारलं होतं. गुणवंतरावांनी त्याच्याकडे वळून नीट पाहिलं, नळी हुंगली आणि घसा साफ केला. शारजाच्या हद्दीपर्यंत आरोग्यमंत्री अडचणीत आला होता. सोमनाथ घोरत होता. वासुदेव जरा ऐसपैस झाला आणि त्यानं पाय लांब करून दोन सीटांच्या मधून पुढं घातले.

गुणवंतराव बोलण्यात रंगले होते, त्यांचं लक्ष नव्हतं. सुजीतनं आरशात पाहिलं.

"वासुदेव, पाय आवरा," तो म्हणाला. "आमच्याकडे चालत नाही."